यंत्राच्या तोंडाशी

१४ मार्च १९७८, पुणे

तार आली. "अर्जुनास अपघात. ताबडतोब ये. आबा." एवढंच! कसला अपघात? कुठं? आबा फौजेत होते, तारेतसुद्धा शब्द जास्तीचा घालत नाहीत.

पगाराच्या कॉम्प्युटर-प्रोग्रॅमची पंच-कार्डं अर्धी मशीनमध्ये, अर्धी टेबलावर. तशीच टाकली. आगाशेसाहेब दारापर्यंत आले — "जा, पण रविवारपर्यंत तरी..." पुढचं ऐकलंच नाही. मिळेल ती एस.टी. धरते.

१६ मार्च, सांगली

हात गेला. उजवा. कोपराखाली काही नाही.

आमच्याच खळ्यावर गव्हाची मळणी चालली होती. मशीनमध्ये पेंढ्या घालत होता अर्जुना. शालू, त्याची बायको, दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच सांगतेय — "वरडलं बी न्हाईत. 'पट्टा पाड' म्हनलं, एवढंच." तिनंच मशीन फिरवणारा पट्टा पाडला. बांबूनं. मग बघितलं.

अर्जुना तेवीस वर्षांचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान. भिंतीकडं तोंड करून पडलाय. मी हाक मारली. नुसती मान हलवली.

२० मार्च, गाव

खळ्यावर गेले. मशीन तसंच उभं. आबांनी पाणी मारून धुतलंय. गहू अर्धा मळलेला, अर्धा पेंढ्यांत. कुणी हात लावत नाही.

मशीनबरोबर मिळालेलं पुस्तक आईनं देवाजवळ ठेवलं होतं. कुंकू लावून! आठ पानं. सगळं इंग्रजी. कुठल्यातरी परदेशी मशीनच्या पुस्तकावरून उतरवलेलं दिसतंय, कारण आमच्या मशीनला नसलेले दोन दांडेही चित्रात आहेत. आणि धोक्याची सूचना? शेवटच्या पानावर. गॅरंटीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. आणि मी पुण्यात.

तिथं मी काय करते? कॉम्प्युटरला हुकूम लिहिते. एक टिंब चुकलं तर तो अडतो, म्हणून दहा दहा वेळा तपासते. लोखंडाचा गैरसमज होऊ नये म्हणून केवढी काळजी! माझ्या भावासाठी कुणी एक ओळ लिहिली नाही.

रडू येत नाही. दोन वेळा मळ्यापर्यंत जाऊन आले. कारण काही नव्हतं.

५ एप्रिल, पुणे

मन लागत नाही. कॉम्प्युटरची खोली थंड असते, तिच्या गारव्यानं पूर्वी बरं वाटायचं. आता दहा मिनिटांत उठते. पाणी पिते. परत येते. पुन्हा उठते.

आगाशेसाहेबांनी सांगितलं — आमचा सगळा विभाग दिवाळीपर्यंत मुंबईला, हेड ऑफिसात. मला बढती. "तुझ्यासारख्या मुली इथं दोनच आहेत, विजयमाला. कुठं पोचशील बघ!"

कुठं पोचायचंय मला?

१० एप्रिल, पुणे

काल कुणाला न सांगता कुपवाडला, आमचं मशीन बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन आले. रविवार असूनही कारखाना चालू होता. मालकांना नानासो म्हणतात. पन्नाशीचे असतील. पायजमा, टोपी, हाताला ग्रीस. एकेकाळी वर्कशॉपात फिटर होते म्हणे. मी घरून सगळं घोकून गेले होते. तिथं गेल्यावर नुसती भांडले.

"पुस्तक दिलंतं न्हवं?" ते म्हणाले.

"इंग्रजी! आमच्या खळ्यावर कोण वाचणार ते?"

"मग मराठीत कोन लिवनार? चित्रं काडनारा हाय, छापनारा हाय. लिवनारा मला आजपतोर भेटला न्हाई."

त्यांनी विचारलं, "तुमी काय करता, बाई?" सांगितलं — कॉम्प्युटरला हुकूम लिहिते. त्यांनी चिंधीला हात पुसले.

"मग मानसाला लिवा की."

रागानं बाहेर पडले. मिरजेपर्यंत राग होता. कराडला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं, मी मनातल्या मनात पहिलं पान लिहितेय!

२ मे, पुणे

राजीनामा दिला. जूनपासून कुपवाडला, नानासोंकडं. आगाशेसाहेबांना कळेना. "पत्रकं लिहायला जाणार? मळणी मशीनची? लोक या खोलीत शिरायला धडपडतात, आणि तू..." रागावले असते तर बरं. ते दुखावले.

बाहेर येऊन बसस्टॉपवर उभी राहिले. तीन बस सोडल्या.

२८ मे, गाव

घरी सांगितलं. आई म्हणाली, जवळ येशील, बरं झालं. आबा मिशी ओढत बसले.

अर्जुना अंगणात होता. डाव्या हातानं वैरण टाकत. सगळं ऐकलं त्यानं. म्हणाला, "माझा हात ज्या दारात गेला त्या दारात चाकरी करनार तू?"

"अर्जुना, तुझ्यासाठीच—"

"माझं नाव घिऊ नगंस."

आत गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवताना उठून दुसरीकडं बसतो.

गावातही बोलायला लागलेत. कारखानदारानं पोरीला नोकरी देऊन तोंड बंद केलं! हे मला शालूनं सांगितलं. खाली बघत.

१२ जून, सांगली

काम सुरू. सांगलीत दूरच्या मावशीकडं राहते. रोज कुपवाडला जाते.

टेबल नाही. रंगाच्या शेडमध्ये एका लाकडी खोक्यावर बसते. खोक्यावर लिहिलंय "हा भाग वर". निळ्या रंगाचा वास कपड्यांतून जात नाही. कामगारांना वाटतं मी हिशेब तपासायला आलेय. एकजण बघून विडी विझवतो.

पुण्याची ती खोली आठवते. कार्डांचा खडखड आवाज!

मूर्खपणा केला का मी?

३० जून

पहिला मजकूर लिहिला. "सदर यंत्राचा वापर करतेवेळी चालकाने योग्य ती दक्षता घ्यावी." नानासोंना वाचून दाखवला. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "हे तलाठ्यानं लिवलंय का?"

फाडला.

१६ जुलै, गाव

रविवारी घरी गेले. शालूला दुसरा मजकूर वाचायला दिला. तिची सातवी झालीये. बोट ठेवून ठेवून वाचलं. "काम संपल्यावर पट्टा सैल करावा." थांबली.

"करावा म्हंजी? कुनी?"

"जो मशीन चालवतो त्यानं."

"मग तसं लिवा की, आक्का. हितं तर कुनीच न्हाई."

खरंच कुणीच नव्हता! सगळ्या पुस्तकात माणूस नाही. यंत्र वापरले जाते, पेंढी घातली जाते, हात दूर ठेवला जातो. कोण? भूत?

एस.टी.त बसून सगळी क्रियापदं बदलली. पट्टा सैल करा. मशीनच्या आडोशाला पोरं आहेत का बघा. सैल बाह्यांचा सदरा घालू नका. पेन्सिल खड्ड्यांवर उडत होती. बऱ्याच दिवसांनी भूक लागली. इस्लामपूरच्या स्टँडवर भजी खाल्ली — एकटीनं, सगळ्यांसमोर!

अर्जुना आजही बोलला नाही. पण आम्ही वाचत होतो तेव्हा तो गोठ्याच्या दारात उभा होता.

९ ऑगस्ट, सांगली

एका वाक्यावर अडलेय. आठवडा होत आला.

मशीनच्या अंगाला पत्र्याची एक पन्हळ असते, तीतून पेंढी आत सरकवायची. कारखान्यात तिला सगळे 'तोंड' म्हणतात. पुढं ड्रम फिरतो, त्याला दाते. प्रश्न शेवटच्या मुठीचा आहे. पेंढी आपोआप आत ओढली जाते, पण शेवटची मूठ अडते, ती ढकलायला लागते. कशानं ढकलायची?

"हात दूर ठेवा" असं लिहिलं. मग किती दूर? कसा? सगळीकडं फिरून परत तिथंच.

शेवटी नानासोंना म्हटलं, मला घालू द्या. इंजिन सुरू केलं. पदर खोचला, पेंढी घातली. दुसरी. तिसरी. शेवटची मूठ अडली आणि माझा हात आपसूक पुढं गेला. आतली हवा बोटांना लागली. गरम.

मागं सरले. मी, जी आठवडाभर हेच वाक्य लिहितेय!

११ ऑगस्ट

तोंड दीड फूट लांब आहे. हात त्याहून लांब. यात काय लिहायचं?

१० सप्टेंबर, गाव

गौरीसाठी घरी आले. शालूनं मजकूर पुन्हा वाचायला घेतला, मोठ्यानं, आईला ऐकू जावा म्हणून. अर्जुना उंबऱ्यात बसला होता. मध्येच म्हणाला —

"आक्का."

मी हातातलं निवडणं टाकलं.

"माझ्यासाटी लिवत असशील तर लिवू नगंस. मला समदं म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"हात आत घालायचा न्हाई. ह्ये काय कागदात वाचाय लागतंय? आदल्या दोन राती शेजारच्यांची मळणी केलती. त्यांच्या मोटारीला लाईट रातचीच असायची. तिसऱ्या दिशी आपली काडली. डोळं कवा मिटलं कळलं न्हाई. पेंढीबरुबर हात गेला." शालूच्या हातातल्या कागदांकडं बघितलं. "पुस्तक मराठीत असतं तरी गेला असता. गीतेसारकं पाठ असतं तरी बी."

आई रडायला लागली. शालूनं कागद घडी घालून माझ्या मांडीवर ठेवले.

सहा महिने मला वाटत होतं, शब्द असते तर हात राहिला असता. त्याच जोरावर नोकरी सोडली! मग मी काय करतेय तिथं? कशासाठी?

तरी... तो बोलला. इतकं सलग तर लहानपणापासून बोलला नव्हता.

१३ सप्टेंबर, सांगली

नानासोंना सांगितलं, तोंड लांब करा. दुप्पट. वरून झाकलेलं. म्हणजे माणूस झोपेत असला तरी हात पोचणार नाही.

ते हसले. मग चिडले. "लांब केलं तर मशीन ट्रकमधी बसत न्हाई. पत्रा वाडतो. गिऱ्हाईक म्हनतं, ह्ये काय हत्तीची सोंड? समद्यांची मशिनं अशीच हायती. तुमी पुस्तकाचं बगा, ताई. मशीनचं मी बगतो."

"पुस्तकाचंच बघतेय. लिहिताच येत नाही त्यात खरं."

"मग खोटं लिवा," म्हणाले, आणि स्वतःच दचकले. टोपी नीट करून शेडमध्ये गेले.

२ ऑक्टोबर

लिहिलं. पान तिसरं, ठळक: "या यंत्रात शेवटची मूठ हातानं सुरक्षित घालता येत नाही. यंत्र बंद करा, पट्टा पाडा, मगच अडलेली मूठ काढा." आणि छापखान्यात देऊन आले.



७ ऑक्टोबर

छापखान्यातून कच्ची प्रत आली. नानासोंनी उभ्या उभ्या वाचली. तिसऱ्या पानावर थांबले. कान लाल.

"ह्ये वाचून मशीन कोन घील?"

"त्याचं उत्तर मी कसं देऊ?"

"माझ्या कारखान्यात ऐंशी मानसं हायती, ताई! त्यांच्या चुली हायती!"

खोटं नाही त्यांचं. रोज बघते मी ती माणसं. विडी विझवणारा आता माझ्या खोक्यावरची धूळ पुसून ठेवतो.

म्हणाले, "ही ओळ काडा, न्हाईतर मला दुसरा लिवनारा बगावा लागंल." मी काढणार नाही म्हटलं. प्रत त्यांच्या टेबलावर. छपाई बंद.

१६ ऑक्टोबर

काही हलत नाही. रोज जाते, खोक्यावर बसते, येते. नानासो माझ्याकडं बघत नाहीत. कृष्णेच्या घाटावर जाऊन बसावं म्हटलं तर तिथंही पाच मिनिटांच्या वर बसवेना. आयर्विन पुलावरून पलीकडं गेले आणि परत आले.

आगाशेसाहेबांचं पत्र आलंय. जागा अजून आहे. ट्रंक खाली काढली. दोन साड्या घातल्या. पुन्हा काढल्या. पुन्हा घातल्या.

२० ऑक्टोबर

आज जे झालं ते कसं लिहू? क्रमानं लिहिते.

विक्रीला निघालेल्या मालाची पूजा होती. चार मशीनं बाहेर उभी, हार घातलेली, दोन-तीन व्यापारी, पेढे. मी मागं होते. फाटकातून अर्जुना आला. एकटा! दुधाच्या गाडीनं आला म्हणे. सदऱ्याची उजवी बाही खिशात खोचलेली. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच गावाबाहेर पडला होता. मला वाटलं, मला न्यायला आलाय. किंवा भांडायला.

माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ पहिल्या मशीनपाशी गेला. इंजिन बंदच होतं, तरी वाकून पट्टा पाडला. डाव्या हातानं, दोन-तीन झटक्यांत. सगळे बघायला लागले. मग तोंडापाशी उभा राहिला आणि डावा हात पत्र्यात घातला. खांद्यापर्यंत नाही, नुसता सहज, पेंढी ढकलावी तसा. आत बोटं ड्रमच्या दात्यांवर वाजवली. टक्. टक्.

"अरं, काड! काड हात भाईर!"

नानासो ओरडले. पेढ्यांचा पुडा हातातून पडला. धावत गेले आणि दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून मागं ओढला.

अर्जुना शांतपणे म्हणाला, "पट्टा पाडलाय की, नानासो. इंजिन बंद हाय. कशापायी भ्याला?"

नानासोंना त्याचा दंड सोडवेना. तसेच उभे राहिले. व्यापाऱ्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "पोरा, बस हितं सावलीला."

मी पुढं गेलेच नाही.

संध्याकाळच्या गाडीला त्याला बसवून दिलं. खिडकीतून म्हणाला, "ट्रंक भरलीस म्हनं. शालूला मावशीनं सांगितलं." मग म्हणाला, "बग बाई. तुजं तू."

२१ ऑक्टोबर

नानासो सकाळपासून फरशीवर खडूनं तोंड आखत बसलेत. पुसतात, परत आखतात. मला हाक मारली. "ताई, किती लांब म्हनला व्हता?"

११ नोव्हेंबर

नवं तोंड बसलं. लांब, वरून झाकलेलं. दिसायला हत्तीची सोंडच! कारखान्यातल्या सगळ्यात उंच माणसाला हात घालायला लावला. पोचला नाही. पुन्हा घालायला लावला, तिरका होऊन. नाही पोचला. नानासो पाय आपटून हसले.

तिसऱ्या पानावरची ओळ मीच काढली. आता ती खोटी झाली. बाईनं स्वतः लिहिलेलं खोटं ठरल्याचा एवढा आनंद व्हावा!

आणि मग, तो आनंद चालू असताना, विचारलं — आधी विकलेल्यांचं काय?

"विकलं त्ये विकलं," नानासो म्हणाले. "गावोगाव कुनाला धाडू? सुगी तोंडावर आलीया."

१३ नोव्हेंबर

नानासो खोक्यापाशी आले. "पत्रा कारखान्याचा. हेलपाटा तुमचा." एवढं बोलून गेले.

अर्जुनाला पत्र टाकलं — येशील का?

१९ नोव्हेंबर

अर्जुना आलाय. धोतर, दोन सदरे आणि एक पाना, आबांचा. विचारलं, "पाना कशाला? डाव्या हातानं..." म्हणाला, "तू आवळशील. मी धरीन."

उद्या नवी तोंडं घेऊन जतकडं, जुन्या मशीनना बसवायला.

२० नोव्हेंबर, जत

ज्वारीची मळणी. बिराप्पा नावाचा शेतकरी, पूर्वी मेंढरं राखायचा, आता चार एकर. मशीन जुनं, आखूड तोंडाचं. आम्ही पोचलो तेव्हा तो पेंढ्या घालत होता. डोळे लाल. मी पुस्तक काढलं. त्यानं बघितलंही नाही.

त्याच्या बायकोनं अर्जुनाला विचारलं, "हात कशानं गेला, बाबा?"

मला वाटलं, मशीन म्हणेल.

"झोपेनं," अर्जुना म्हणाला.

बिराप्पाचा हात थांबला. बघत राहिला अर्जुनाच्या बाहीकडं. मग स्वतःच गेला, इंजिन बंद केलं, आणि तिथंच कडब्यावर आडवा झाला. चार राती जागा होता म्हणे.

तोंड बसवलं. बोल्ट मी आवळले. तरी तो उठला नाही. आम्ही उठवलं नाही.